भूकंपप्रवण प्रदेशांतील खोल विंधनविवरे: खडकातले प्रतिबल खरोखर ‘मोजले’ जाते का?

कातळरेघ (धागालेखक)

मोठा भूकंप होऊन गेला की पुढचे काही दिवस ‘भूगर्भात प्रचंड ताण साठलेला आहे’ हे वाक्य हमखास वाचायला मिळते. वाक्य खोटे नाही, पण त्यातले दोन शब्द मला दर वेळी अडतात. ताण म्हणजे आपल्या बोलण्यात ओढ. ताण दोरीला असतो. जमिनीखाली एखाद्या किलोमीटरवर अशी ओढ जवळपास कुठेच नसते. तिथला खडक सर्व बाजूंनी दाबलेला असतो आणि फरक असतो तो कोणत्या दिशेने किती दाबलेला आहे, एवढाच. म्हणून या धाग्यात मी ‘प्रतिबल’ (खडकातल्या दर चौरस एककावर येणारा जोर) हा पाठ्यपुस्तकातला, जरा रुक्ष शब्द वापरणार आहे. दुसरा शब्द ‘साठलेला’. जे साठते ते मोजता आले पाहिजे. ते कसे मोजतात आणि मोजल्यावर हाती नेमके काय लागते, याविषयी लिहितो.

जमीन साधारण सपाट असेल तर खालच्या प्रतिबलाची एक मुख्य दिशा उभी धरता येते. मग चार गोष्टी उरतात: उभे प्रतिबल, दोन आडवी प्रतिबले (एक मोठे, एक लहान) आणि त्यांतल्या मोठ्याची दिशा. उभे प्रतिबल जवळजवळ फुकट मिळते, कारण ते म्हणजे वरच्या खडकाचे वजन. ग्रॅनाइटसारख्या खडकात ते दर किलोमीटरला सुमारे २६ मेगापास्कलने वाढते, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे २६० किलो. आडव्या प्रतिबलांचे मात्र असे सोपे गणित नाही. खडक नुसता स्वतःच्या वजनाने दबला असता तर आडवे प्रतिबल उभ्याच्या काही अंशाइतकेच भरले असते. १९५०च्या दशकात निल्स हास्ट यांनी स्वीडनमधल्या खाणींत मोजमापे घेतली, तेव्हा तिथे आडवे प्रतिबल उभ्याहून जास्त निघाले. भूपट्ट एकमेकांना रेटतात ते आडवेच, आणि तो रेटा खाणीच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला होता.

तिन्हींपैकी सर्वांत मोठे कोण आणि सर्वांत लहान कोण, यावर भूकंपाचा प्रकार ठरतो, हे अँडरसन यांनी १९०५ मध्येच मांडले होते. उभे प्रतिबल सर्वांत मोठे असेल तर एक बाजू खाली घसरते, सर्वांत लहान असेल तर एक बाजू दुसरीवर चढते, आणि मधले असेल तर दोन्ही बाजू शेजारून सरकतात. भूकंपलहरींच्या नोंदींवरून हा प्रकार आणि दिशा बऱ्यापैकी कळतात. कळत नाही तो आकडा. भूकंपलेखक सांगतो की दार कोणत्या बाजूला उघडले. दार लावून धरणारा जोर किती होता, हे त्याला ठाऊक नसते. तो आकडा हवा असेल तर खाली उतरण्यावाचून गत्यंतर नाही, कारण पृष्ठभागाजवळचा खडक तडकलेला, झिजलेला आणि ऊनपावसाने सैलावलेला असतो.

खाली उतरण्याची मुख्य साधने दोन. पहिले म्हणजे जलदाबाने खडक फोडणे. हबर्ट आणि विलिस यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की दाबाने पाडलेली चीर नेहमी सर्वांत कमी प्रतिबलाच्या दिशेला काटकोनात उघडते, कारण तिला उघडायला तिथेच सर्वांत कमी विरोध असतो. विवराच्या, म्हणजे यंत्राने खणलेल्या खोल, अरुंद भोकाच्या, एका तुकड्याच्या वर आणि खाली फुगणारी रबरी बुचे, म्हणजे पॅकर, बसवतात, मधल्या बंद जागेत पाणी पंपाने भरतात आणि दाब वाढवत नेतात. एका क्षणी खडक चिरतो आणि दाब एकदम खाली येतो. पंप बंद केल्यावर चीर मिटू लागते. त्या वेळी दाब ज्या आकड्यापाशी रेंगाळतो, तो लहान आडव्या प्रतिबलाइतका असतो. हीच क्रिया तीन-चार वेळा करून आकडा पक्का करतात.

दुसरे साधन अधिक देखणे आहे आणि ते अपघातानेच हाती आले. वर्तुळाकार भोकाभोवती प्रतिबल कसे एकवटते याचे गणित किर्श यांनी १८९८ मध्ये सोडवले होते. मोठे प्रतिबल ज्या दिशेने रेटते, त्या दिशेच्या काटकोनातल्या दोन भिंतींवर दाब कमाल होतो आणि तिथे खडकाचे ढलपे निघतात. गोल विवर त्यामुळे लांबट होते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातील तेलविहिरी अशा लांबट झालेल्या होत्या आणि एका मोठ्या प्रदेशात त्यांच्या लांबटपणाची दिशा एकच होती. १९७९ मध्ये बेल आणि गॉफ यांनी त्याचा अर्थ लावला: विवरांच्या भिंती प्रतिबलाची दिशा दाखवत होत्या. म्हणजे तेल शोधणाऱ्यांनी जगभर हजारो होकायंत्रे जमिनीत पुरून ठेवली होती, फक्त ती कोणी वाचली नव्हती. मेरी लू झोबॅक यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेल्या जागतिक प्रतिबल नकाशाच्या कामात अशा नोंदींचा मोठा वाटा आहे.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. उभे प्रतिबल हिशेबाने मिळते आणि लहान आडवे प्रतिबल बऱ्यापैकी थेट मोजता येते. मोठ्या आडव्याची दिशाही कळते. मात्र त्या मोठ्या आडव्या प्रतिबलाचे मान, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच, मोजले जात नाही. ढलप्याची रुंदी आणि खडकाची मजबुती यांवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो, आणि अनेक अहवालांत हा अंदाज मोजमापाच्याच रकान्यात बसलेला आढळतो. याबद्दल आपली मते वाचायला आवडतील.

शंकासुर

लेख आवडला, पण मूलभूत शंका आहे. वाहनाच्या चाकातली हवा मोजायला काटा असतो, तसा प्रतिबलाचा काटा विवरात का सोडत नाहीत? आणि दुसरे म्हणजे, भूकंपप्रवण जागी मुद्दाम खडक फोडणे हे आगीशी खेळणे नव्हे काय?

कातळरेघ

चाकातली हवा वाहते, ती काट्याला येऊन भिडते. खडक वाहत नाही. आपण भोक पाडतो त्या क्षणी ज्या जागेवरचे प्रतिबल मोजायचे होते, ती जागाच नाहीशी होते आणि उरते ती भिंत, जिथले प्रतिबल भोकामुळे बदललेले असते. त्यामुळे प्रतिबल मोजण्याची प्रत्येक पद्धत खरे तर छेडछाडीला खडक काय उत्तर देतो, हे मोजण्याची पद्धत आहे. खडकाला फोडून, सोडवून किंवा ढासळू देऊन त्याच्या वागण्यावरून मागे जायचे. वर काढलेला गाभा, म्हणजे कोअर, दाब सुटल्यावर तासन्तास सूक्ष्म प्रमाणात प्रसरण पावत राहतो, तेही मोजतात.

आगीशी खेळण्याबद्दल: या चाचणीत विवराचा जेमतेम मीटरभराचा तुकडा बंद करतात आणि पाणीही फार थोडे लागते. चीर काही मीटरांपलीकडे जात नाही. मोठ्या प्रमाणावर पाणी दाबणे ही वेगळी गोष्ट, आणि तिथे आपली भीती रास्त आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराखाली भूऔष्णिक ऊर्जेसाठी ५ किलोमीटर खोल विवरात पाणी दाबले, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि पुढे तो प्रकल्पच सोडून द्यावा लागला.

विंधनी

मी काही वर्षे विंधनाच्या कामावर होतो, शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, यंत्रावरचा माणूस म्हणून. धाग्यातल्या ‘लांबट विवराची दिशा’ या वाक्यामागे केवढी कटकट आहे, ते लिहावेसे वाटते.

विवर लांबट होण्याची कारणे तीन-चार असतात आणि प्रतिबल हे त्यांतले एक. मऊ थर लागला की ड्रिलिंगचा चिखल (विंधन चालू असताना विवरात फिरवत ठेवलेले दाट द्रव) भिंत सगळीकडून धुऊन नेतो. तिथे भोक मोठे होते, लांबट नव्हे. विवर थोडे तिरके गेले की फिरता पाइप एकाच बाजूला घासून तिथे खाच पाडतो. प्रतिबलामुळे निघालेले ढलपे मात्र समोरासमोरच्या दोन भिंतींवर, बरोबर अर्ध्या वर्तुळाच्या अंतराने असतात. जुन्या चार हातांच्या व्यासमापकाने हा फरक ओळखणे कठीण जात असे. ध्वनिलहरींनी भिंतीचे चित्र काढणारे उपकरण आल्यावर कोणता ओरखडा कशाचा, हे डोळ्यांनी दिसू लागले. त्याच चित्रात कधी कधी ढलप्यांच्या काटकोनात उभ्या, बारीक, केसासारख्या चिरा दिसतात. त्या चिखलाच्या दाबाने भिंत ताणली गेल्याने पडतात, आणि अख्ख्या विवरात ‘ताण’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडेल अशी जागा बहुधा तेवढीच!

चिखलाचा दाटपणा हे आमच्या आणि शास्त्रज्ञांच्या भांडणाचे मूळ. चिखल जड केला की तो भिंतीला आतून आधार देतो आणि ढलपे थांबतात; फार जड केला तर खडकच चिरतो आणि चिखल त्या चिरेत निघून जातो. आम्हाला गुळगुळीत, गोल, न ढासळणारे भोक हवे असते, कारण ढासळलेल्या भोकात पाइप अडकला की आठवडे वाया जातात. शास्त्रज्ञाला थोडे ढासळलेले भोक हवे असते, कारण गुळगुळीत भिंत त्याला काहीच सांगत नाही. एका कामावर (नाव सांगत नाही) आम्ही अभिमानाने एकही ढलपा न पडलेले विवर सुपूर्द केले आणि समोरच्या माणसाचा चेहरा पडला.

पॅकरबद्दलही एक गोष्ट. कागदावर ते फुगणारे बूच असते. प्रत्यक्षात ते गरम, खडबडीत आणि वाकड्यातिकड्या भिंतीला चिकटून बसायचे असते. भिंतीवर ढलपे पडलेले असतील तर फट राहते आणि दाब तिथून निसटतो. म्हणजे जिथे प्रतिबल सर्वांत जास्त, तिथेच ही चाचणी सर्वांत अवघड. खोल विवरांत दिशेच्या नोंदी भरपूर आणि आकडे मोजके का असतात, याचे उत्तर पुष्कळसे या रबरात आहे.

समीकरणप्रिय

विंधनी यांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखा. आता मूळ मुद्द्यावर थोडे कठोर लिहितो.

मोठ्या आडव्या प्रतिबलाचा अंदाज बांधायला ढलप्यांखेरीज आणखी एक वाट सांगितली जाते. चीर एकदा पडली की ती पुन्हा उघडायला लागणारा दाब लहान आडव्याच्या तिपटीतून मोठे आडवे आणि रंध्रदाब, म्हणजे खडकातल्या बारीक पोकळ्यांमधील पाण्याचा दाब, वजा केल्यास मिळतो. समीकरण सुबक आहे. पण चीर नेमकी कोणत्या क्षणी उघडू लागली, हे वर पंपाशी बसलेल्याला कसे कळणार? नळ्यांमधल्या शेकडो लिटर पाण्याला स्वतःचीच लवचीकता असते आणि ती तो क्षण झाकून टाकते. जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात हे चांगले दाखवले, आणि त्यानंतर जुने पुष्कळ आकडे संशयाच्या भोवऱ्यात सापडले.

मग काय करतात? घर्षणाची मर्यादा लावतात. बायर्ली यांच्या १९७८ च्या प्रयोगांप्रमाणे बहुतेक खडकांचा घर्षणांक, म्हणजे सरकायला लागणारा जोर आणि दाबून धरणारा जोर यांचे गुणोत्तर, ०.६ ते १ यांच्या दरम्यान असतो. खडकात आधीच सर्व दिशांनी जुन्या चिरा आहेत असे धरले, तर प्रतिबलांतला फरक एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही. गेला तर कुठली तरी चीर सरकेल. ३ किलोमीटर खोलीचे उदाहरण घ्या. उभे प्रतिबल सुमारे ८०, रंध्रदाब सुमारे ३० मेगापास्कल आणि घर्षणांक ०.६ धरला, तर आडवे प्रतिबल कमीत कमी सुमारे ४६ आणि जास्तीत जास्त सुमारे १८५ मेगापास्कल असू शकते. केवढी ही रुंद पट्टी! मोजमापाने ती अरुंद होते हे मान्य, पण शेवटी ‘भूकवच घर्षणाच्या मर्यादेवर उभे आहे’ हे गृहीत धरून अंदाज बांधायचा आणि मग त्याच अंदाजावरून ‘पाहा, कवच मर्यादेवर उभे आहे’ म्हणायचे, यात वर्तुळ आहे की नाही?

कातळरेघ

वर्तुळाचा आक्षेप काही कामांना पूर्णपणे लागू आहे. पण तो तोडणारे दोन प्रयोग आहेत आणि दोन्हींची साक्ष प्रतिबलाच्या समीकरणाबाहेरची आहे.

पहिला अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या रेंजली तेलक्षेत्रातला. तेल बाहेर रेटण्यासाठी तिथे पाणी दाबले जात होते आणि लहान भूकंप होत होते. १९६९ ते १९७३ या काळात तिथे मुद्दाम दाब कमी-जास्त करून पाहण्यात आले. जलदाब चाचणीने प्रतिबले मोजली, तिथल्या खडकाचे घर्षण प्रयोगशाळेत मोजले, आणि या दोन्हींवरून रंध्रदाब किती झाला की भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजू सरकतात अशी खडकातली मोठी भेग, सरकेल हे काढले. आकडा आला सुमारे २५.७ मेगापास्कल. दाब त्याच्या वर नेला की भूकंप वाढत, खाली आणला की विहिरींजवळचे भूकंप ओसरत. रॅले, हीली आणि ब्रेडेहोफ्ट यांचा १९७६ मधला हा अहवाल मला या सबंध विषयातला सर्वांत समाधानकारक वाटतो.

दुसरा जर्मनीतला. बव्हेरियातील विंडिशेशेनबाख येथे १९९० ते १९९४ या काळात ९,१०१ मीटर खोल विवर घेतले गेले. तळाशी तापमान सुमारे २६५ अंश सेल्सिअस होते. तिथल्या प्रतिबलांचा अंदाज सांगत होता की कवच मर्यादेवरच आहे. तेव्हा तळाशी सुमारे २०० घनमीटर खारे पाणी दाबून पाहिले. सुमारे ४०० सूक्ष्म भूकंप नोंदले गेले आणि त्यांतला सर्वांत मोठाही जेमतेम १.२ तीव्रतेचा होता. त्या खोलीवरच्या प्रतिबलांच्या मानाने दाबातली वाढ अगदी किरकोळ होती. आणि लक्षात घ्या, ही जागा भूपट्टांच्या सीमेवर नाही. ती शांत मानल्या जाणाऱ्या प्रदेशातली आहे. मर्यादेवर उभे असणे हा भूकंपप्रवण प्रदेशांचाच विशेष नसून कवचाची ती सर्वसाधारण अवस्था दिसते. भूकंपप्रवण प्रदेशाचा विशेष इतकाच की तिथे भर पडण्याचा वेग जास्त.

शंकासुर

मग आता सरळ विचारतो. भ्रंशाजवळ खोल विवर घेतले, प्रतिबल काढले, भ्रंश सरकायला किती लागते हेही रेंजलीसारखे काढले. दोन्हींची वजाबाकी करून भूकंप कधी होईल ते का सांगता येऊ नये?

समीकरणप्रिय

कारण वजाबाकीपेक्षा चूक मोठी आहे. एखाद्या भूकंपात भ्रंशावरचे प्रतिबल साधारणतः १ ते १० मेगापास्कलने उतरते. दोन मोठ्या भूकंपांत ३०० वर्षांचे अंतर आणि उतार ३ मेगापास्कल धरा. म्हणजे वर्षाला भर पडते ती ०.०१ मेगापास्कल. आणि मोठ्या आडव्या प्रतिबलाच्या अंदाजातली अनिश्चितता खोल विवरात सहज १० मेगापास्कलच्या वर जाते. म्हणजे अख्खे भूकंपचक्र आपल्या मोजपट्टीच्या एका रेघेत मावते. शिवाय विवर एका जागी, आणि भ्रंश कित्येक किलोमीटर लांब. त्यातला नेमका कोणता तुकडा आधी सुटेल, हे एका भोकावरून कसे सांगणार?

रेंजलीत हे जमले, कारण तिथे दाबाची कळ माणसाच्या हातात होती आणि तो कित्येक मेगापास्कलने वरखाली करता येत होता. निसर्ग इतक्या मोठ्या पायरीने वाढत नाही.

कातळरेघ

यात एक भर घालतो. प्रतिबलाचे निरपेक्ष मान आणि प्रतिबलातला बदल यांची गल्लत नेहमी होते. बदल मोजणारी उपकरणे वेगळी. शंभर-दोनशे मीटर खोल विवरात सिमेंटने पक्के बसवलेले विकृतिमापक, म्हणजे खडकाच्या आकारातला फरक टिपणारे यंत्र, एक अब्जांशाइतका बदल ओळखते. चंद्र-सूर्यांच्या ओढीने घन जमिनीला येणारी भरतीओहोटी त्याला रोज स्पष्ट दिसते. पण त्याला आरंभबिंदू ठाऊक नसतो. रांजणात पडणारा प्रत्येक थेंब ऐकू यावा, पण रांजण किती भरलेला आहे आणि मुळात केवढा आहे हे दिसू नये, तशी ही स्थिती आहे. खोल विवर रांजणाची पातळी सांगते, पण ढोबळ. विकृतिमापक थेंब मोजतो, पण पातळी सांगत नाही.

कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे अशी यंत्रे भ्रंशाच्या उशाशी होती. तिथला पुढचा भूकंप १९९३ पूर्वी होईल असा अंदाज होता. तो झाला २८ सप्टेंबर २००४ रोजी, ६ तीव्रतेचा. आधीच्या दिवसांतल्या नोंदींत इशारा म्हणता येईल असा कोणताही ठळक बदल सापडला नाही.

निम्नस्तर

पार्कफील्डचे नाव निघालेच आहे, तर ज्या भ्रंशावर ते वसले आहे त्या सॅन अँड्रियस भ्रंशाचे कोडे इथे यायला हवे, कारण माझ्या मते खोल विवरांनी दिलेले सर्वांत अनपेक्षित उत्तर तिथले आहे.

घर्षणांक ०.६ असेल तर इतका सरकणारा भ्रंश घासून तापला पाहिजे. सॅन अँड्रियसच्या आजूबाजूला जमिनीतून येणारी उष्णता मोजली, तर भ्रंशालगत तिची वाढ दिसेना. म्हणजे एकतर उष्णता कुठेतरी वाहून जाते, किंवा भ्रंश मुळातच निसरडा आहे. १९८०च्या दशकात काहॉन खिंडीत, भ्रंशापासून सुमारे ४ किलोमीटरवर, ३.५ किलोमीटर खोल विवर घेतले गेले. ढलप्यांच्या दिशा सांगत होत्या की भ्रंशाला समांतर सरकवणारा जोर तिथे फारसा नाहीच. मोठे आडवे प्रतिबल भ्रंशावर जवळजवळ काटकोनात येऊन टेकलेले होते. बळकट भ्रंश अशा स्थितीत सरकणार नाही.

शेवटी पार्कफील्डला २००४ ते २००७ या काळात विवर आधी उभे, मग तिरके नेऊन थेट भ्रंशाच्या आरपार घातले. भ्रंशाचे हळूहळू सरकणे इतके खरे होते की त्याने आत बसवलेले पोलादी केसिंग, म्हणजे विवराचे नळीसारखे अस्तर, वाकवले, आणि कुठे वाकले त्यावरून सक्रिय पट्टा ओळखता आला. त्या पट्ट्यातून काढलेल्या गाभ्यात सॅपोनाइट हे साबणासारखे निसरडे मातीखनिज होते. त्याचा घर्षणांक ०.२ पेक्षाही कमी. म्हणजे आजूबाजूचे कवच बळकट आणि मर्यादेवर, तर भ्रंश स्वतः दुबळा. समीकरणप्रिय यांनी घर्षणाची जी मर्यादा सांगितली ती कवचाला लागू, पण नेमक्या मोठ्या भ्रंशांना नाही! (हा निष्कर्ष संथपणे सरकणाऱ्या भागातला आहे. अडकून बसलेल्या भागातही हेच असेल असे मी म्हणत नाही.)

अर्धवर्तुळ

वाचनमात्र होतो, पण राहवले नाही. कोयनेचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही?

कातळरेघ

मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तिथला प्रश्न थोडा वेगळा आहे. जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि १० डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हापासून सुमारे २० गुणिले ३० किलोमीटरच्या छोट्या पट्ट्यात भूकंप होतच आहेत, आणि तेही बहुतांशी १० किलोमीटरच्या आत. म्हणजे विंधनाच्या आवाक्यात भूकंपनाभी असणाऱ्या जगातल्या थोड्या जागांपैकी ही एक. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला यासाठी विंधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. आधी सुमारे दीड किलोमीटरपर्यंतची शोधविवरे घेऊन काहींत भूकंपमापक बसवले, आणि २०१७ मध्ये गोठणे येथील पथदर्शी विवर ३ किलोमीटरपर्यंत पोहोचले.

तिथे विवराशिवाय भागत नाही, कारण वर किलोमीटरभर बेसाल्टचे थर आहेत. भूकंप त्यांच्याखालच्या ग्रॅनाइटी पायाभूत खडकात होतात, आणि तो पाया पृष्ठभागावरून दिसत नाही. बेसाल्टात मोजलेले प्रतिबल खालच्या खडकाचे असेलच असे नाही. शिवाय जलाशयाच्या पाण्याचा स्वतःचा भार शंभर मीटर खोलीलाही जेमतेम १ मेगापास्कल भरतो. उभ्या प्रतिबलाच्या तुलनेत तो नगण्य आहे. तो भूकंप ‘घडवतो’ म्हणण्यापेक्षा आधीच मर्यादेवर उभ्या असलेल्या भ्रंशाला शेवटचा स्पर्श करतो, असे म्हणणे योग्य. त्या मर्यादेचा अंदाज प्रतिबलाच्या मोजमापाखेरीज येणार नाही, म्हणून ही विवरे.

विंधनी

बेसाल्टाबद्दल एका वाक्यात: थरांच्या सांध्यांतून चिखल नाहीसा होतो आणि पॅकर बसवायला सलग, न तडकलेला मीटरभर खडक शोधणे हेच मोठे काम होऊन बसते.

शंकासुर

भूकंप कधी होणार हे कळणार नाही, हे पटले. पण झाल्यानंतर किती सुटले, हे तरी कळते का?

निम्नस्तर

एका ठिकाणी फार सुंदर कळले. ११ मार्च २०११ च्या जपानमधील ९ तीव्रतेच्या भूकंपानंतर साधारण वर्षभराने ‘चिक्यू’ या जहाजाने सुमारे ६.९ किलोमीटर पाण्याखाली समुद्रतळ गाठून त्यात सुमारे ८५० मीटर विवर घेतले. सीमाभ्रंश, म्हणजे दोन पट्टांमधला भ्रंश, सुमारे ८२० मीटरवर लागला. तिथे भूकंपात खडक सुमारे ५० मीटर सरकला होता. भूकंपाआधी त्या प्रदेशात आडवा रेटाच प्रबळ असणार, कारण एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो आहे. पण ढलप्यांवरून काढलेली प्रतिबले उलटे सांगत होती: आता उभे प्रतिबलच सर्वांत मोठे होते. साठलेला रेटा जवळजवळ संपूर्ण सुटला होता. भ्रंशाजवळ उरलेली उष्णता, जी अंशाच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती, मोजून सरकतेवेळचा घर्षणांक सुमारे ०.०८ निघाला. प्रतिबल आणि उष्णता या दोन स्वतंत्र वाटांनी एकाच निष्कर्षाला पोहोचल्याचे असे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

समीकरणप्रिय

मान्य, आणि इथे वर्तुळाचा आक्षेप मी मागे घेतो. एकच उणीव उरते. ‘आधी’चा आकडा तिथे मोजलेला नव्हता, तो तर्काने धरलेला आहे.

कातळरेघ

तो ‘आधी’चा आकडा मिळवण्याचा प्रयत्न जपानजवळच्याच नानकाई गर्तेत झाला. तिथे पुढचा मोठा भूकंप अजून व्हायचा आहे, म्हणूनच ती जागा निवडली. ‘चिक्यू’नेच २००७ पासून तिथे अनेक विवरे घेतली. बहुतेकांत मोठे आडवे प्रतिबल पट्ट सरकण्याच्या दिशेशी जुळते, पण किनाऱ्याकडच्या खोलगट भागातल्या विवरात, निदान वरच्या थरांत, ते जवळपास काटकोनात वळलेले आहे. म्हणजे वरचा गाळ एक सांगतो आणि खालचा भ्रंश बहुधा दुसरेच. खालचे ऐकायला समुद्रतळाखाली सुमारे ५,२०० मीटर जायचे होते. २०१९ पर्यंत विवर ३,२६२.५ मीटरवर पोहोचले आणि तिथेच थांबवावे लागले. शास्त्रीय सागरी विंधनातला तो विक्रमच, तरीही भ्रंश आणखी सुमारे दोन किलोमीटर खाली राहिला.

विंधनी

न्यूझीलंडच्या अल्पाइन भ्रंशावर २०१४ मध्ये असेच झाले. ८९३ मीटरवर केसिंगच्या अडचणीने काम थांबले, भ्रंश गाठता आला नाही. मात्र खाली तापमान किलोमीटरला १२५ अंशांच्या हिशेबाने वाढते हे तेवढ्यातच कळले. इतक्या उष्णतेत रबरी पॅकर किती वेळ टिकेल, हा हिशेब मी तरी विवर आखण्याआधी करीन. नानकाईच्या त्या शेवटच्या दोन किलोमीटरसाठी कोणी पुन्हा उतरलेच, तर आधी भिंत ढासळू न देणारा चिखल ठरवावा लागेल. आणि तो ठरवायला तिथले प्रतिबल आधीच माहीत असावे लागते.